बॅटरीवर आळ

“ज्या वाद्याला बॅटरी लागते, त्यावर विसंबू नये.” इलेक्ट्रिक अपराइट बासचा विषय निघाला की हे वाक्य येतंच. बोलणारा बहुधा आपल्यापेक्षा चार कार्यक्रम जास्त केलेला असतो आणि त्याच्याकडे हकिकतही तयार असते. कुठल्याशा समारंभात, ऐन रंगात, बास आधी फाटका वाजू लागला, मग खोल गेला, मग गप्प झाला. मागचं झाकण उघडलं तर बॅटरी उतरलेली. हकिकत खरी असणार. पण तिच्यावरून बॅटरीला, आणि बॅटरीबरोबर सबंध वाद्याला, जी शिक्षा ठोठावली जाते ती चौकशी न करताच. बॅटरी उतरली हे सगळे सांगतात. ती कुणी उतरवली हे कुणी विचारत नाही.

हे वाद्य ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डबल बासचा माणसाएवढा पोकळ पेटारा काढून टाका. उरते मान, चार-पाच तारा, ब्रिज, एक बारीक लाकडी धड आणि ते उभं धरायला स्टँड. तारांची लांबी तीच, बोटांच्या जागा त्याच, गजही चालतो. फक्त आवाज पेटाऱ्यातून न येता पिकअपमधून वायरीने बाहेर जातो. कल्पना जुनी आहे. रिकनबॅकरने १९३० च्या दशकातच असा बास काढला होता. १९६२ मध्ये आलेला अँपेगचा ‘बेबी बास’ तर लॅटिन वाद्यवृंदांनी असा उचलून धरला की साल्साचा बास म्हटलं की अनेकांच्या कानात त्याचाच ठोका वाजतो.

विरोधक मला इथेच अडवतात. “बघा, बेबी बासला कुठे बॅटरी होती? साठेक वर्षांपूर्वी जे बॅटरीशिवाय चाललं, त्याला आज बॅटरी का चिकटवली? कंपन्यांचे धंदे!” मुद्दा वरवर बिनतोड वाटतो, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

बेबी बासमध्ये चुंबक आणि तारेचं वेटोळं असलेला पिकअप होता. असा पिकअप स्वतःच पुरेसा दमदार संकेत तयार करतो आणि साध्या वायरीने तो ॲम्प्लिफायरपर्यंत धडधाकट पोहोचतो. आजच्या बहुतेक अपराइट बासांत ब्रिजमध्ये पिझो स्फटिक बसवलेले असतात. कारण सरळ आहे. नेहमीच्या चुंबकी पिकअपला लोखंडी तार हवी, पिझोला कुठलीही चालते. गजाचं घासणं, बोटाचं खेचणं, लाकडाचं थरथरणं यातला बारकावा पिझो जास्त पकडतो. पण त्याची एक खोड आहे. विजेच्या दृष्टीने तो एक इवलासा कपॅसिटर असतो आणि समोरच्या यंत्राने त्याच्यावर जरा भार टाकला की तो आधी खालचे सूर सोडून देतो. आकडे घालून बघा. पिझोची क्षमता एक नॅनोफॅरड धरली आणि तो गिटारच्या साध्या ॲम्प्लिफायरला, म्हणजे एक मेगाओहमला, थेट जोडला, तर सुमारे १६० हर्ट्झच्या खालचं सगळं घसरायला लागतं. बासची सर्वांत जाड, ई ची तार ४१ हर्ट्झला बोलते. ती जेमतेम एक चतुर्थांश उरते. पाच तारांच्या बासवर खालचा बी असतो ३१ हर्ट्झचा. त्याची अवस्था आणखी केविलवाणी. तोच पिझो दहा मेगाओहमला जोडा, घसरण १६ हर्ट्झच्या खाली जाते आणि बास पूर्ण ऐकू येतो. मिक्सरच्या लाइन इनपुटचे दहा हजार ओहम असतात. तिथे थेट जोडलं तर बासऐवजी डास ऐकू येतो.

मधे बसून पिझोवर भार पडू न देणारी वस्तू म्हणजे प्रीअँप, आणि प्रीअँपला वीज लागते. बॅटरी तिथे विक्रीसाठी चिकटवलेली नाही. ४१ हर्ट्झ ऐकू यावेत म्हणून ती आहे.

आता गंमत अशी की ‘बॅटरीवर विसंबू नये’ सांगणारे लाकडी डबल बासवाले मंचावर काय करतात? ढोल, कीबोर्ड आणि तीन गायकांसमोर नुसता लाकडी बास ऐकू येत नाही. म्हणून तेही ब्रिजच्या पायाखाली पिझो पिकअप सरकवतात, त्यापुढे कमरेला किंवा टेलपीसला एक डबी अडकवतात, आणि त्या डबीत काय असतं? नऊ व्होल्टची तीच चौकोनी बॅटरी. ज्यांच्याकडे डबी नसते त्यांचा आवाज आपण १९७० च्या दशकातल्या कितीतरी जॅझ रेकॉर्डवर ऐकलेला आहे: रबरी, नाकातला, बूड नसलेला. त्या आवाजालाही आज चाहते आहेत, माझी हरकत नाही. पण “लाकडाला बॅटरी लागत नाही” हे वाक्य मंचावर खोटं आहे. घरी खरं आहे.

आणि घराचाच प्रश्न आहे. मी राहतो यिशुनला, सिंगापूरच्या उत्तर टोकाकडे, एचडीबीच्या एका ब्लॉकमध्ये. या देशातले चारांतले तिघांहून जास्त रहिवासी अशाच सरकारी सदनिकांत राहतात. वर माणसं, खाली माणसं, दोन्ही बाजूंना माणसं, मधे काँक्रीट. डबल बासचे खालचे सूर भिंतीला जुमानत नाहीत. त्यातून वाद्य लोखंडी टोकावर उभं असतं, ते टोक फरशीवर टेकलेलं असतं, आणि फरशी म्हणजे खालच्या घराचं छत. लाकडी बासवर रात्री सराव करणं म्हणजे खालच्यांच्या छताला हात घालणं. शांततेची वेळ इथे वर्षानुवर्षं रात्री साडेदहा ते सकाळी सात अशी सांगितली जाई. शेजारच्या आवाजाबद्दल विचार करायला नेमलेल्या गटाने २०२२ मध्ये ती दहा ते आठ करावी असं सुचवलं. रॅफल्स प्लेसकडून नॉर्थ-साउथ लाइनने पाऊण तास उभ्याने येऊन, जेवून, मुलांचा अभ्यास बघून मोकळा होणारा माणूस वाद्याला हात कधी लावतो? नेमका तेव्हा, जेव्हा तो लावायचा नसतो.

“मग कम्युनिटी क्लबात खोली घ्या.” घेतोच की. पण बास तिथवर न्यायचा कसा? लाकडी डबल बास सहा फुटांच्या घरातला. एमआरटी या इथल्या मेट्रोतून मोठी वाद्यं नेण्यावरून २०१५ मध्ये इथे चांगलाच गदारोळ झाला होता. चेलो, गुझेंग घेऊन जाणाऱ्यांना अडवलं गेलं, लोक चिडले, आणि मग परवानगीची तात्पुरती सोय करून बघण्यात आली. पेटारा नसलेला बास मात्र पाठीला लावून, कुणाच्या पायावर पाय न देता नेता येतो. हेडफोन लावला की रात्री अकरालाही वाजवता येतो. या शहरात, या मजल्यावर, हे वाद्य नसेल तर माझ्यासारख्याच्या हातात बासच नसेल. विरोधकांच्या युक्तिवादात हा पर्याय कधीच मोजलेला नसतो. ते बॅटरीच्या बासची तुलना लाकडी बासशी करतात. खरी तुलना शांततेशी आहे.

आता बॅटरीच्या आयुष्याचा हिशेब. हा भाग मी सावकाश मांडणार आहे, कारण सगळा वाद इथे सुटतो आणि नेमका हाच भाग कुणी मांडत नाही.

नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी १९५६ मध्ये ट्रान्झिस्टर रेडिओसाठी बाजारात आली; तिचा आजचा अल्कलाइन अवतार हलक्या भारावर साधारण ५०० मिलिॲम्पिअर-तास देतो. भागाकार तिसरीतला आहे. प्रीअँप किती मिलिॲम्पिअर खातो ते कळलं की तास कळले. टीएल ०६२ सारखी काटकसरी चिप वापरली असेल तर सुमारे ०.४ मिलिॲम्पिअर, म्हणजे हजारावर तास. टीएल ०७२, जी आवाजाला शांत म्हणून लोकप्रिय आहे, ती सुमारे २.८ मिलिॲम्पिअर घेते, म्हणजे १८० तासांच्या आसपास. गिटारवाल्यांचे ईएमजी पिकअप तर ०.०८ मिलिॲम्पिअरवर चालतात आणि कंपनी त्यांचं आयुष्य हजारो तासांत सांगते. यातला सर्वांत वाईट आकडा धरू, १८० तास. रोज एक तास वाजवलं तर सहा महिने. वर्षाला दोन बॅटऱ्या. ज्या वाद्यावर ‘विसंबू नये’ त्याची ही मागणी.

मग त्या हकिकतीतला बास ऐन समारंभात कसा मेला?

उत्तर वायर खोचायच्या भोकात आहे. या वाद्यांपैकी बहुतेकांना चालू-बंदचं बटण नसतं. बॅटरीचं ऋण टोक जॅकच्या मधल्या कडीला जोडलेलं असतं. साधी वायर खोचली की तिच्या प्लगची लांब धातूची नळी मधली कडी आणि बाहेरची कडी यांना एकत्र बांधते, वर्तुळ पुरं होतं आणि प्रीअँप जागा होतो. वायर काढली की झोपतो. म्हणजे प्लग हेच बटण. तुम्ही वाजवताय की नाही याच्याशी त्याला कर्तव्य नाही. जोरात वाजवा, हळू वाजवा, वाजवूच नका, ॲम्प्लिफायर बंद करा, घराचा मेन स्विच पाडा, वायर खोचलेली आहे तोवर प्रीअँप तेवढेच २.८ मिलिॲम्पिअर पीत राहतो.

आता पुन्हा तिसरीतलं गणित. रविवारी रात्री तालीम संपली, वाद्य स्टँडवर उभं राहिलं, वायर तशीच. पुढच्या रविवारपर्यंत १६८ तास. गुणिले २.८. उत्तर ४७० मिलिॲम्पिअर-तास. बॅटरी संपली, एक सूरही न वाजवता. त्याच बॅटरीने सहा महिने सराव दिला असता. सहा महिने आणि एक आठवडा यांतला फरक ना चिपचा, ना कंपनीचा, ना इलेक्ट्रॉनिक युगाच्या अधःपतनाचा. वायर काढली की नाही याचा आहे. दगा देणाऱ्या बॅटऱ्यांच्या ज्या हकिकती मला सांगितल्या जातात, त्यांत “आदल्या दिवशी तालमीनंतर वायर काढली होती का?” असं विचारलं की संभाषण हमखास दुसरीकडे वळतं.

त्यातून आपल्याकडे बॅटरी तपासायची रीत म्हणजे जिभेला लावणे. झोंबली की चांगली. अर्धमेली बॅटरीही सात-साडेसात व्होल्टने जिभेला झोंबते, आणि कित्येक प्रीअँप तिथूनच कुरकुरू लागतात. मल्टिमीटर जिभेपेक्षा स्वस्त पडतो, निदान चवीच्या दृष्टीने.

इथपर्यंत मी बॅटरीची बाजू घेतली. आता उत्पादकांची खोड काढतो, कारण विरोधकांचा राग अगदीच निराधार नाही. चुकीच्या पत्त्यावर गेला आहे एवढंच. वाद्याच्या माहितीपत्रकात ‘बॅटरी आयुष्य’ म्हणून एक आकडा छापतात. तो आकडा कोणत्या वापराचा? बहुधा नुसत्या प्रीअँपचा, म्हणजे मंचावरचा. यिशुनमधल्या रात्री अकराच्या सरावाचा नव्हे. हेडफोन चालवायला वेगळी ताकद लागते. प्रीअँप नुसता संकेत सांभाळतो. हेडफोनच्या ॲम्प्लिफायरला कानाजवळचा पडदा हलवायचा असतो. तिथे भूक दसपट होते. वीस मिलिॲम्पिअर धरले तरी तीच बॅटरी पंचवीस तासांत आटोपते, आणि जोरात ऐकलं तर त्याहून आधी. घरात मुख्यतः हेडफोनवर वाजवणाऱ्याला दर महिन्याला बॅटरी लागते आणि त्याला वाटतं वाद्य बिघडलं. वाद्य बिघडलेलं नाही. माहितीपत्रकाने दुसऱ्याच गिऱ्हाइकाचा हिशेब त्याच्या हातात दिला. ही वाद्यं विकली जातात ‘फ्लॅटमध्ये शांतपणे वाजवा’ म्हणून, आणि तास मोजले जातात मंचाचे. याला काय म्हणायचं ते वाचकांनी म्हणावं.

दुसरी खोड म्हणजे सूचना देणारा दिवा नसणे. दहा पैशांचा एलईडी सतत पेटता ठेवला तर तोच बॅटरी खाईल हे खरं, पण वायर खोचताच क्षणभर लुकलुकणारा दिवा बसवणं अवघड नाही, आणि काही जण बसवतातही. बाकीच्यांनी का बसवू नये याचं सुसंगत उत्तर मला सापडलेलं नाही. हजारो डॉलरच्या वाद्याच्या पाठीमागे चार स्क्रू आणि त्यांच्या आड बॅटरी, ही रचना करणाऱ्याने कधी अंधाऱ्या विंगेत बॅटरी बदललेली नसावी.

दुकानात कानावर पडणाऱ्या दोन दंतकथांचाही इथेच निकाल लावू. पहिली: “यात दोन बॅटऱ्या आहेत, म्हणजे दुप्पट चालेल.” दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून अठरा व्होल्ट केले की आवाजाला डोकं वर काढायला जागा मिळते, जोरात खेचलेली तार फाटत नाही, पण मिलिॲम्पिअर-तास तेवढेच राहतात. आयुष्य तेच, खर्च दुप्पट. शेजारी-शेजारी, समांतर जोडल्या तरच तास वाढतात, आणि तसं क्वचित कुणी करतं. दुसरी: “चार्ज होणारी घ्या, एकदाचा ताप मिटेल.” निकेलवाली चार्जेबल चौकोनी बॅटरी मुळात ८.४ व्होल्टची आणि साधारण दोनशे मिलिॲम्पिअर-तासांची. निम्म्याहून कमी पाणी असलेला हंडा. यूएसबीने चार्ज होणाऱ्या नव्या लिथियम बॅटऱ्यांमध्ये आतला विद्युतदाब वाढवून नऊवर आणणारं छोटं यंत्र असतं. ते कधी कधी आवाजात बारीक शिट्टी मिसळतं. शिवाय ते शेवटच्या क्षणापर्यंत नऊ व्होल्ट दाखवतं आणि मग एकदम अंधार. अल्कलाइन बॅटरी मरताना सांगते: आधी आवाज किंचित दबतो, मग जोराच्या सुरांवर खरखर येते. कानाला ती खरखर ओळखता आली की थोडी मुदत मिळते. ज्यांना बॅटरी ‘अचानक’ गेल्याचा राग आहे त्यांनी हे ऐकलेलं नसतं, किंवा ऐकून साउंडवाल्याकडे बोट दाखवलेलं असतं.

स्वस्तातल्या झिंक-कार्बन बॅटऱ्या, ज्यांच्या वेष्टनावर मोठ्या अक्षरांत ‘हेवी ड्यूटी’ लिहिलेलं असतं, त्या वाद्यात घालूच नयेत. त्यांची क्षमता कमी, आणि त्या गळतात. गळणं अल्कलाइनलाही चुकलेलं नाही. संपलेली बॅटरी आत विसरली की पोटॅशियम हायड्रॉक्साइड झिरपतं, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून पांढरी भुकटी होतं आणि टोकं खाऊन टाकतं. सिंगापूरच्या बारमाही दमट उकाड्यात हे काम झपाट्याने होतं. महिना-दोन महिने भारतात जायचं असेल तर बॅटरी काढून जावं. ही शिस्त लागते हे मान्य. पण लाकडी बासला शिस्त लागत नाही असं कोण म्हणतं? याच हवेत, दिवसा दमट आणि रात्री एसीत कोरडं, असं करत लाकूड फुगतं, आक्रसतं, सांधे सुटतात, वरची फळी तडकते. त्याच्या दुरुस्तीचं बिल ज्याने पाहिलं आहे तो वर्षाच्या दोन बॅटऱ्यांवर बोलणार नाही. बासच्या चांगल्या तारांच्या एका संचाच्या किमतीत कित्येक वर्षांच्या बॅटऱ्या येतात. तारा बदलणं ही वाद्याची निगा आणि बॅटरी बदलणं ही लाचारी, हा भेद मला कळत नाही.

कचऱ्याचा मुद्दा राहिला. तो खरा आहे, पण प्रमाणात. या देशात २०२१ च्या जुलैपासून उत्पादकांच्या जबाबदारीवर ई-कचरा गोळा करण्याची पद्धत सुरू झाली, आणि त्या पेट्यांत चौकोनी बॅटऱ्याही चालतात. टाकताना टोकांवर चिकटपट्टी लावावी, कारण दोन्ही टोकं एकाच बाजूला असलेली ही बॅटरी किल्ल्या-नाण्यांत पडली तर तापते. वर्षाला दोन किंवा बारा बॅटऱ्यांनी पृथ्वी बुडत असेल, तर त्याच घरातली मुलांची खेळणी आधी तपासू.

उरला तो शेवटचा आणि खरा आक्षेप, ज्याच्यासाठी बाकीचे आक्षेप पुढे केले जातात असा मला संशय आहे: वीज लागली की वाद्य अस्सल राहत नाही. हे आपल्याला नवं नाही. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला दार बंद केलं ते ती अस्सल नाही म्हणूनच, आणि ते दार पुन्हा किलकिलं व्हायला तीस वर्षं गेली. दरम्यान मराठी रंगभूमीवर पेटी वाजतच राहिली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बंगळूरच्या राज नारायण यांच्या रॅडेलने इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणला तेव्हाही हेच झालं. मिरजेचा तानपुरा, ज्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या जव्हारीतून उठणारा झंकार त्या डबीत नाही. यावर वाद घालणारा मूर्ख ठरेल. पण परदेशी घरांत, जिथे पाच फुटांचा तानपुरा विमानाने आणणं आणि दमट हवेत सुरात ठेवणं सामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर होतं, तिथे एका पिढीचा षड्ज त्या डबीने लावला. सिंगापूरमधल्या मराठी घरांत गाणं शिकणाऱ्या मुलांना विचारा, घरी रियाज कशावर करतात. आता तर फोनवर. फोनलाही बॅटरी असते, आणि ती एक दिवस टिकली की आपण खूश असतो.

अस्सलपणाचा हा आग्रह धरणारे स्वतः गातात कशात? कंडेन्सर मायक्रोफोनमध्ये, ज्याला मिक्सरकडून वायरीतून ४८ व्होल्टची ‘फँटम पॉवर’ पुरवली जाते. ते बटण दाबायला विसरलं की भीमपलासातला निषादही कुणाला ऐकू येत नाही. तिथे कुणी म्हणत नाही की विजेवर विसंबलेला गळा खोटा. मिक्सरवाल्याला म्हणतात, “अहो, फँटम लावा.” बासवाल्यालाही एवढंच म्हणा: “अरे, वायर काढत जा.”

पर्याय नाहीत असंही नाही. प्रीअँप वाद्याच्या बाहेर, पायाशी ठेवून भिंतीतल्या विजेवर चालवता येतो. वाद्यात बॅटरीच नको. नेड स्टाइनबर्गर यांच्या एनएस डिझाइनने आपल्या एका मालिकेत बॅटरीच काढून टाकली आणि तिच्या जागी कपॅसिटर बसवला. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे तो मिनिटभरात भरतो आणि सोळा तास चालतो, आणि रिकामा झाला तर बटण फिरवून वाद्य विजेशिवायही वाजतं. ही रचना मला सर्वांत शहाणी वाटते. सोळा तासांच्या आकड्यामुळे नव्हे, त्या बटणामुळे. कमी आवाजात का होईना, कार्यक्रम पार पडतो. बाकीच्या कंपन्यांनी हे एक बटण उचललं असतं तर माझा हा लेख निम्मा झाला असता.

यिशुन अव्हेन्यू ७ वर मुराताचा कारखाना आहे. ही जपानी कंपनी १९७२ पासून सिंगापूरमध्ये आहे आणि कपॅसिटर हा तिचा मुख्य धंदा. २०१७ मध्ये तिने सोनीचा बॅटरी विभागही विकत घेतला, त्याच सोनीचा जिने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी पहिल्यांदा बाजारात आणली. कोणत्या बासमध्ये कुणाचा कपॅसिटर आहे याच्याशी त्याचा संबंध जोडायचं कारण नाही. पण वीज साठवायच्या या दोन्ही वाटा ज्यांच्या धंद्यात एकत्र आल्या, त्यांच्या कारखान्याच्या परिसरात राहून “बॅटरीवर विसंबू नये” हे ऐकताना मला जरा हसू येतं. इथे सकाळी लिफ्ट, गेट, दारातलं कुलूप, ट्रेनचं कार्ड, सगळंच कुठल्या ना कुठल्या विजेवर चालतं आणि कुणाचं काही अडत नाही. अडतं फक्त बासच्या ई च्या तारेशी.

तेव्हा पुढच्या वेळी दुकानात अपराइट बास बघायला जाल तेव्हा ‘बॅटरी किती दिवस चालते?’ हा प्रश्न विचारू नका. त्याला विक्रेता तुम्हाला आवडेल तो आकडा सांगेल. विचारा: हेडफोन लावल्यावर किती मिलिॲम्पिअर? विजेशिवाय वाजतो का? बॅटरी बदलायला स्क्रूड्रायव्हर लागतो का? वायर खोचलेली राहिली तर कळतं का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर मागचं झाकण उघडायला सांगा, बॅटरीच्या एका टोकाला मल्टिमीटर मधे घाला, हेडफोन कानाला लावा आणि खालची तार छेडा. आकडा काट्यावर दिसेल. त्याने पाचशेला भागा.